रविवारी नाही! पिरियस बंदरातली इलिया आणि तिला सुधारायला आलेला पाहुणा

ग्रीस म्हटला की शाळेत पाठ केलेली नावे आठवतात. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, शिकंदर. डोळ्यांपुढे उभे राहतात ते संगमरवरी खांब आणि नाक तुटलेले पुतळे. त्या खांबांच्या सावलीत आजही माणसे राहतात, भाडे भरतात, भांडतात, गातात, हे आपल्या लक्षातच येत नाही. परदेशी पाहुण्यांच्या या सवयीवर ६० वर्षांहून अधिक काळापूर्वी एक फार गमतीदार चित्रपट निघाला. त्याचे नाव 'नेव्हर ऑन संडे', म्हणजे 'रविवारी नाही'. साल १९६०. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन आणि नायिका मेलिना मर्कुरी.

चित्रपट पाहिला नसला तरी त्याचे गाणे बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. संगीतकार मानोस हाजिदाकिस यांची ती चाल जगभर वाजली. मूळ ग्रीक गाण्याचे नाव 'पिरियसची मुले' असे आहे. १९६० सालच्या चित्रपटांसाठीचे सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर या गाण्याला मिळाले. परभाषेतील चित्रपटाच्या गाण्याला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी कान महोत्सवात मर्कुरी यांना अभिनयाचे पारितोषिक फ्रान्सच्या जान मोरो यांच्याबरोबर विभागून मिळाले.

हसवणारा चित्रपट म्हणून तो गाजला आणि हसवतोही भरपूर. पण त्या हसण्याच्या आड एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या देशाचे, एखाद्या समाजाचे चित्र जगापुढे कोणी उभे करायचे? त्यात कोणाला जागा मिळते आणि कोण बाहेर राहते? परमुलुखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही.

गोष्ट थोडक्यात

इलिया ही पिरियस बंदरातली वेश्या. पण तिचे वागणे आपण पडद्यावर पाहत आलेल्या वेश्येसारखे नाही. ती कोणाची बांधील नाही. माणूस आवडला तरच ती त्याला घरात घेते, नाही आवडला तर कितीही पैसे दिले तरी दार बंद. आणि रविवारी धंदा नाही. त्या दिवशी तिच्या घरी मित्रमंडळींची मैफल असते. गोदीतले कामगार, खलाशी, एक म्हातारा कप्तान असे सगळे तिच्याभोवती गोळा होतात. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती बंदराच्या पाण्यात उडी घेते आणि कामावरची माणसे हातातले काम टाकून तिच्यामागोमाग पाण्यात पडतात.

या बंदरात एक अमेरिकन प्रवासी येऊन उतरतो. त्याचे नाव होमर. आईबापांनी मोठ्या कौतुकाने ठेवलेले असणार! हा गृहस्थ हौशी तत्त्वज्ञ आहे. एकेकाळी जगाला ज्ञान देणारा ग्रीस अशा अवस्थेला का आला, याचे कारण शोधायला तो खिशात वही घेऊन आला आहे. इलियाला पाहताच त्याला वाटते, सापडले! ही सुंदर, बुद्धिमान आणि 'पतित' बाई म्हणजेच आजचा ग्रीस. हिला सुधारली की ग्रीसच्या ऱ्हासाचे कोडे सुटले.

मग तो तिच्याकडून दोन आठवडे मागून घेतो. तिच्या घरात पुस्तके येतात, बाखच्या तबकड्या येतात. भिंतीवरचा फुटबॉल संघाचा फोटो जाऊन तिथे पिकासोचे चित्र लागते. मित्रांची वर्दळ बंद होते. इलिया मनापासून शिकू लागते, कारण तिला कुतूहल आहे. मात्र या शिकवणीचा खर्च गुपचूप कोण करतो हे तिला ठाऊक नसते. तो खर्च करतो 'नो-फेस', म्हणजे बिनचेहऱ्याचा. बंदरातल्या वेश्यांना अवाच्या सव्वा भाड्याने खोल्या देणारा हा मालक. इलिया त्याची भाडेकरू नाही. तिच्या स्वतंत्र वागण्याने बाकीच्या बायका बिघडतात, तोंड वर करून बोलू लागतात, म्हणून ती धंद्यातून गेलेली त्याला हवी आहे. तिला सन्मार्गाला लावायला निघालेला होमर न कळत या मालकाचा हस्तक होऊन बसतो.

इलियाला हे कळते तेव्हा काय होते ते पुढे येईलच. आधी हे बंदर कसे होते ते पाहू.

बंदरातली माणसे

पिरियस हे अथेन्सचे बंदर. दोन्हींत अंतर थोडे, पण स्वभाव वेगळे. अथेन्समध्ये संसद, विद्यापीठ आणि ॲक्रोपोलिस, तर पिरियसमध्ये गोदी, कारखाने, बोटींचे भोंगे आणि देशोदेशींचे खलाशी. १९२२ साली आशिया मायनरच्या लढाईत ग्रीसचा पराभव झाला आणि १९२३ च्या लोझान करारान्वये तुर्कस्तान व ग्रीस यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली. सुमारे १२ लाख ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्या वेळी ग्रीसची लोकसंख्या ५०-६० लाखांच्या घरात होती, यावरून त्या लोंढ्याचा अंदाज यावा. पिरियसच्या आसपास कोक्किनिया, द्रापेत्सोना अशा निर्वासितांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. स्मिर्नाचे व्यापारी आणि कारागीर एका रात्रीत पत्र्याच्या खोपटांत येऊन पडले. धर्माने ते ग्रीक होते, पण बोलण्याची लकब, जेवण, गाणे सगळे पूर्वेकडचे. मूळच्या लोकांनी त्यांना सहजासहजी आपले म्हटले नाही. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या वस्त्यांमधून आणि बंदरातल्या गुत्त्यांमधून एक संगीत वाढले. त्याला 'रेबेतिको' म्हणतात आणि त्याचे मुख्य वाद्य 'बुझुकी'. लांब दांडीचे, तारांचे हे वाद्य म्हणजे ग्रीसची ओळख असे आज आपण समजतो. पण १९३० च्या दशकात प्रतिष्ठित घरात बुझुकीचे नाव काढण्याची सोय नव्हती. ते तुरुंगातल्या, गांजेकसांच्या, दादा लोकांच्या हातातले वाद्य मानले जाई. १९३४ च्या सुमारास पिरियसमध्ये मार्कोस व्हामव्हाकारिस यांनी तीन साथीदारांसह चौकडी जमवली. हे मार्कोस सिरोस बेटावरून आलेले आणि गोदीत कोळसा उचललेले. साथीदारांपैकी अनेस्तिस देलियास आणि स्त्रातोस हे आशिया मायनरकडचे. १९३६ साली जनरल मेताक्सास यांची हुकूमशाही आली आणि लवकरच गाण्यांवर सेन्सॉरची कात्री चालू लागली. अशा गाण्यांतला पूर्वेकडचा सूर सरकारला खुपत होता.

मग हे वाद्य पडद्यावर मानाने कसे आले? याचे बरेचसे श्रेय हाजिदाकिस यांना जाते. ते शिकलेले, पाश्चात्त्य संगीत जाणणारे. १९४९ च्या जानेवारीत, यादवी युद्ध अजून संपले नव्हते तेव्हा, त्यांनी अथेन्सच्या एका नाट्यगृहात रेबेतिकोवर जाहीर व्याख्यान दिले आणि हे संगीत ग्रीक परंपरेचाच भाग आहे असे सांगितले. ऐकणाऱ्या शिष्ट मंडळींना तो धक्का होता. त्यानंतर ११ वर्षांनी त्यांनीच बुझुकीला जगाच्या कानाकोपऱ्यात पोचवले.

पाखरांना स्वरलिपी येते का?

या इतिहासाचे ओझे चित्रपटात कोठेही जाणवत नाही. तो आपला हसवत पुढे जातो. पण दोन प्रसंग असे आहेत की ही पार्श्वभूमी ठाऊक असली तर त्यांची गोडी दुप्पट होते.

पहिला प्रसंग ताव्हेर्नातला. ताव्हेर्ना म्हणजे खानावळ आणि दारूचा गुत्ता यांच्या मधले काहीतरी. एक माणूस एकटाच नाचतो आहे. होमर खूश होऊन टाळ्या वाजवतो आणि तिथे हाणामारी सुरू होते! बिचाऱ्याला कळत नाही की आपले चुकले काय. त्याला समजावले जाते की हा माणूस कोणाला दाखवायला नाचत नव्हता, स्वतःसाठी नाचत होता. टाळी वाजवणे म्हणजे त्याला तमासगीर ठरवणे. पुरुषाने असे एकट्याने नाचण्याच्या प्रकाराला 'झेइबेकिको' म्हणतात आणि तोही आशिया मायनरमधूनच आलेला. पाहुण्याला जो करमणुकीचा कार्यक्रम वाटतो तो त्या माणसाच्या दुःखाचा किंवा आनंदाचा खाजगी क्षण असतो. एवढ्या छोट्या प्रसंगात डॅसिन यांनी ही गोष्ट किती सहज सांगून टाकली आहे!

दुसरा प्रसंग बुझुकी वाजवणाऱ्याचा. याला स्वरलिपी वाचता येत नाही हे होमरला समजते. मग तू खरा संगीतकार नव्हेस, असा निकाल तो देऊन टाकतो. वादकाच्या मनाला ते इतके लागते की तो वाद्य सोडून न्हाणीघरात कोंडून घेतो आणि बाहेर यायला तयार होत नाही. सगळे विनवण्या करून थकतात. शेवटी इलिया दाराशी जाऊन त्याला सांगते की पाखरांनाही स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून ती गायची थांबतात का? गडी बाहेर येतो आणि पुन्हा तारा छेडतो.

हसून झाल्यावर मनात येते की असे किती वादक, किती शाहीर, किती ओव्या गाणाऱ्या आजीबाई आपल्याकडेही 'शास्त्र येत नाही' म्हणून बाजूला बसवल्या गेल्या असतील.

मीडिया आणि समुद्रकिनारा

इलियाला जुन्या ग्रीक शोकांतिका फार आवडतात. नाटकांचा उत्सव लागला की ती हटकून जाते. फक्त त्या शोकांतिका आहेत हे तिला मान्य नाही. प्रत्येक नाटकाची गोष्ट ती आपल्या पद्धतीने सांगते आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी सगळी मंडळी आनंदाने समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जातात. युरिपिडीसच्या 'मीडिया'तील आई नवऱ्यावरच्या सूडापायी पोटची मुले मारते, हे तिला पटवून देताना होमरची दमछाक होते. ती नाटक पाहते, रडायचे तिथे रडते, आणि शेवटी सगळी नटमंडळी नमस्कार करायला रंगमंचावर येतात तेव्हा त्यांत ती मुलेही असतात. बघ, मेली कुठे आहेत? चांगली जिवंत आहेत! यावर होमर काय बोलणार?

वरवर पाहता ही अडाणी बाईची गंमत आहे. पण जरा थांबून पाहिले तर प्रश्न असा की युरिपिडीस कोणाचा? ॲरिस्टॉटल कोळून प्यालेल्या परदेशी पाहुण्याचा, की दर वर्षी तिकीट काढून नाटकाला जाणाऱ्या आणि त्यात रडणाऱ्या-हसणाऱ्या इलियाचा?

त्या काळच्या ग्रीसमध्ये हा प्रश्न पुस्तकी नव्हता. सरकारी कारभाराची भाषा 'काथारेव्हुसा' होती, म्हणजे प्राचीन ग्रीकच्या धर्तीवर घडवलेली 'शुद्ध' भाषा. घरात आणि बाजारात लोक बोलत ती 'दिमोतिकी'. कोर्टकचेऱ्या आणि सरकारी कागद शुद्ध भाषेत. सामान्य माणसाला साधा अर्ज करायचा तर दुसऱ्याचे तोंड बघावे लागे. लोकांच्या भाषेला सरकारी मान्यता मिळायला १९७६ साल उजाडावे लागले. जो समाज स्वतःच्या जिवंत भाषेला अशुद्ध मानत होता, तिथे बंदरातल्या एका बाईने प्राचीन नाटकांवर हक्क सांगणे ही साधी थट्टा नव्हती.

गाद्या खिडकीबाहेर

आता नो-फेसकडे परत येऊ. इलियाला सगळी कारस्थाने समजतात तेव्हा ती शिकवणी आवरती घेते आणि बाकीच्या बायकांच्या पुढे उभी राहते. भाडे कमी करा, नाही तर धंदा बंद. खिडक्यांमधून गाद्या आणि बिछाने रस्त्यावर येऊन पडतात. पोलीस येतात, बायका तुरुंगात जातात, पण मागे हटत नाहीत. शेवटी मालकाला नमते घ्यावे लागते.

या बायकांचे गाऱ्हाणे काय आहे ते लक्षात घेण्याजोगे आहे. ते भाड्याचे गाऱ्हाणे आहे. म्हणजे चित्रपट त्यांच्याकडे पापी किंवा अभागी म्हणून न पाहता कष्टकरी आणि भाडेकरू म्हणून पाहतो. ग्रीक स्त्रियांना मतदानाचा पूर्ण हक्क मिळाला १९५२ साली आणि संसदेच्या निवडणुकीत त्यांनी प्रथम मत टाकले १९५६ साली. त्यानंतर चारच वर्षांनी पडद्यावर बायकांचा हा यशस्वी संप झाला.

दुसरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मर्कुरी यांना मिळाले नाही. ते मिळाले एलिझाबेथ टेलर यांना, 'बटरफील्ड ८' या चित्रपटासाठी. त्यातली नायिकाही पुरुषांच्या सोबतीवर जगणारी, आणि शेवटी ती मोटार अपघातात मरते. पडद्याचा रिवाज असा की अशा बाईने शेवटी मरावे, नाही तर पश्चात्ताप करावा. आपल्याकडे 'प्रभात'च्या 'माणूस'मध्ये व्ही. शांताराम यांनी १९३९ साली मैनाला मोठ्या आस्थेने रंगवले. शांता हुबळीकर यांनी ती भूमिका अजरामर केली. गणपत हवालदार तिला त्या वस्तीतून बाहेर काढायला धडपडतो. पण मैनाच्या वाट्यालाही शेवटी तुरुंगच येतो. इलिया मात्र मरत नाही आणि पस्तावतही नाही. तिचे मन गोदीतल्या तोनिओवर बसते आणि ती आपल्या मर्जीने त्याच्याबरोबर जाते.

सुधारणारा माणूस

होमरची भूमिका स्वतः डॅसिन यांनी केली आहे आणि यात एक मार्मिक गोष्ट आहे. डॅसिन जन्माने अमेरिकन. १९११ साली कनेटिकट राज्यात, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते. १९५१ साली अमेरिकेत चौकशी समितीपुढे इतरांनी त्यांचे नाव घेतले आणि हॉलिवुडची दारे बंद झाली. ते युरोपात आले, काही वर्षे कामाविना काढली आणि १९५५ साली 'रिफिफी' हा चित्रपट फ्रान्समध्ये केला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्यांची मर्कुरी यांच्याशी गाठ पडली. त्या तिथे मायकेल काकोयानिस यांच्या 'स्टेला'च्या निमित्ताने आल्या होत्या. पुढे १९६६ साली दोघांनी लग्न केले.

म्हणजे ज्याला अमेरिकेने घराबाहेर काढले त्यानेच भोळसट, सद्हेतूने भरलेला, जगाला शहाणे करायला निघालेला अमेरिकन रंगवला आणि ती टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. होमर दुष्ट नाही. त्याला खरोखर भले करायचे आहे. पण त्याने इलियाला काय हवे ते विचारलेले नाही, आणि पैसा कोठून येतो याकडे त्याने सोयीस्कर डोळेझाक केली आहे. तो उपदेश करतो आणि फायदा घरमालकाचा होतो. साहाय्याच्या नावाखाली चालणाऱ्या कितीतरी जागतिक व्यवहारांना हे वर्णन लागू पडावे.

मराठी रसिकांना या गोष्टीचा सांगाडा ओळखीचा वाटेल. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. १९७५ साली ते रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा घराघरांत पोचवली. फुले विकणाऱ्या पोरीला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक आणि वेश्येला तत्त्वज्ञान शिकवणारा होमर हे एकाच घराण्यातले. फरक असा की मंजुळेला प्राध्यापकाच्या शिकवणीने निदान वेगळ्या जगाचे दार उघडते आणि मग तुझी सोय आता कोठे, हा कठीण प्रश्न उभा राहतो. इलियाला शिक्षकाची गरजच नव्हती. शेवटी बोटीवरून परतताना होमर आपली टिपणवही समुद्रात फेकून देतो. विद्यार्थिनी आहे तशीच राहिली आणि शिक्षक मात्र थोडा शिकून गेला.

चित्रात कोण नाही?

इथवर आपण चित्रपटाची तारीफ केली. पण डोळसपणे पाहायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

पिरियसमध्ये 'त्रूम्बा' नावाची वस्ती होती. बंदराला लागून असलेल्या त्या गल्ल्यांत बार आणि कुंटणखाने होते, आणि अमेरिकन आरमार बंदराला लागले की तिथे झुंबड उडे. १९६७ साली लष्करी राजवट आल्यानंतर ती वस्ती उठवण्यात आली. त्या गल्ल्यांतल्या बायकांना इलियासारखी गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नव्हती आणि रविवारची सुट्टीही नव्हती. इलिया ही वस्तुस्थिती नव्हे, ती एक इच्छा आहे. हे जाणवल्यामुळे की काय, तीनच वर्षांनी, १९६३ साली, वासिलिस जॉर्जियादिस यांनी 'लाल दिवे' या नावाचा चित्रपट काढला. आलेकोस गालानोस यांच्या नाटकावरचा हा चित्रपट त्रूम्बातल्या बायकांचाच, पण तिथे हसू कमी आणि आसवे जास्त. परभाषी चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्यालाही नामांकन मिळाले. 'लाल दिवे' पाहिल्याशिवाय इलियाचे बंदर पुरते पाहिले असे म्हणता येणार नाही.

आणखी कोण नाही? कोक्किनियाच्या निर्वासित बायका, कारखान्यांत आणि घरोघरी राबणाऱ्या, त्या इथे नाहीत. त्यांचे संगीत आहे, नाच आहे, पण त्या स्वतः नाहीत. नुकत्याच संपलेल्या यादवी युद्धाचा उल्लेख नाही. १९४९ साली डाव्यांचा पराभव झाला होता आणि हजारो माणसे बेटांवरच्या छावण्यांत आणि तुरुंगांत गेली होती. गोदीतले इलियाचे मित्र इतके निश्चिंत कसे, हा प्रश्न त्या काळच्या गोदी कामगाराला नक्की पडला असता. खलाशी अनेक देशांचे येतात, पण येतात आणि जातात, त्यांना स्वतःची गोष्ट नाही.

सर्वांत मोठी गंमत म्हणजे चित्रपटाने ज्या चुकीची थट्टा केली तीच चूक त्याच्या यशामुळे झाली. होमर ग्रीसला एका बाईत पाहत होता. चित्रपट गाजल्यावर जगानेही तेच केले. बुझुकी, दारू, फुटलेल्या बश्या आणि मोकळ्या मनाची हसरी माणसे म्हणजे ग्रीस! १९६४ साली 'झोर्बा'ने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रवासी येऊ लागले आणि त्यांना हवे ते दाखवणारी दुकाने उघडली. जो नाच स्वतःसाठी होता तो आता टाळ्यांसाठी, तिकीट लावून होऊ लागला. खुद्द हाजिदाकिस यांना आपल्या या एका गाण्याने बाकीचे सारे काम झाकोळून टाकल्याचा राग होता. पुरस्कार स्वीकारायलाही ते गेले नव्हते.

परदेशात राहणाऱ्या कोणत्याही समाजाला हे ओळखीचे आहे. यजमान देशाला आपले एकच चित्र पुरते. एके काळी साप आणि साधू, मग कढी-भात, नंतर डॉक्टर आणि हिशेबनीस. ते चित्र प्रेमळ असले तरी एकच असते आणि त्यात आपल्यातली निम्मी माणसे मावत नाहीत. चित्र रंगवणारा बाहेरचा असला तर दोष देणे सोपे. पण त्याला हवे तसे हसून उभे राहणारे आपणच असतो, हेही विसरू नये.

इलियानंतरची मेलिना

या चित्रपटाला एक उत्तरार्ध आहे आणि तो पडद्यावर नव्हे, तर इतिहासात घडला.

मेलिना मर्कुरी बंदरातल्या नव्हत्या. १९२० साली अथेन्सच्या एका नामवंत राजकीय घराण्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा स्पिरोस मर्कुरी हे अनेक वर्षे अथेन्सचे महापौर होते. म्हणजे बंदराची बाई रंगवली ती उच्चभ्रू घरातल्या लेकीने, आणि दिग्दर्शक परदेशी. हा आक्षेप कोणी घेतला तर त्याला उत्तर देणे कठीण. पण १९६७ च्या एप्रिलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा मर्कुरी न्यूयॉर्कला याच कथेवरच्या 'इलिया डार्लिंग' या संगीतिकेत काम करत होत्या. त्यांनी लष्करशहांविरुद्ध उघड आवाज उठवला. सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि मालमत्ता जप्त केली. १९७४ साली राजवट कोसळली तेव्हाच त्या मायदेशी परतल्या.

मग त्या राजकारणात उतरल्या. मतदारसंघ निवडला तो पिरियसचाच, आणि त्यातही कामगार वस्त्यांचा. १९७४ साली पराभव झाला, १९७७ साली त्या निवडून आल्या. ज्या बंदरातल्या माणसांचे पडद्यावर सोंग घेतले होते, त्यांच्या दारोदार जाऊन त्यांनी मते मागितली. 'प्रतिनिधित्व' या शब्दाचे दोन्ही अर्थ, चित्रातले आणि लोकसभेतले, एकाच बाईच्या आयुष्यात असे एकत्र आलेले क्वचितच दिसतात.

१९८१ साली त्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्री झाल्या. पुढच्या वर्षी मेक्सिको शहरातील युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी पार्थेनॉनची शिल्पे लंडनहून परत मागितली. १९८५ साली युरोपची पहिली सांस्कृतिक राजधानी म्हणून अथेन्सची निवड झाली तीही त्यांच्याच कल्पनेतून निघालेल्या योजनेखाली. होमरला वाटत होते की आजच्या ग्रीकांना त्या प्राचीन वैभवाची किंमत नाही. इलिया रंगवणाऱ्या बाईनेच त्या वैभवाचा ताबा जगापुढे उभे राहून मागितला! १९९४ च्या मार्चमध्ये मर्कुरी वारल्या. डॅसिन त्यांच्यामागे अथेन्समध्येच राहिले, शिल्पांच्या मागणीचा पाठपुरावा करत राहिले आणि २००८ साली तिथेच त्यांचे निधन झाले. ती शिल्पे घरी परत आलेली पाहणे दोघांच्याही नशिबी नव्हते.

वाचकहो, 'रविवारी नाही' हा चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. खळखळून हसा. बुझुकीवाला दार उघडून बाहेर येतो तेव्हा डोळे ओले झाले तर होऊ द्या. आणि पुढे कधी प्रवासाला गेलात आणि कोणी एखादा आपल्याच नादात नाचताना किंवा गाताना दिसला, तर लगेच टाळी वाजवू नका. आधी विचारा की हे गाणे कोणासाठी आहे. उत्तर मिळाले, तर त्याच्या शेजारी बसायला जागा मिळेल, आणि ती जागा पाहुण्याच्या खुर्चीपेक्षा कितीतरी बरी.